आमच्याविषयी तुम्ही काय समजून बसला आहात, ते आम्हाला दाखवा

ग्राहकांची वैयक्तिक माहिती गोळा करणाऱ्या सर्व कंपन्यांचे प्रमुख आणि संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका कंपनीच्या दप्तरी माझ्या घरात एक लहान मूल आहे. आज ते १७ महिन्यांचं आहे. त्याला नाव नाही, पण वय आहे, आणि दर महिन्याला ते न चुकता एका महिन्याने वाढतं. प्रत्यक्षात माझ्या घरात मूल नाही, कधीच नव्हतं. माझ्या घरात माझे वडील होते.

पक्षाघातानंतरचे शेवटचे सात महिने ते अंथरुणाला खिळून होते. त्या काळात तुमच्या त्या अ‍ॅपवरून मी काय काय मागवलं ते मला अजून तोंडपाठ आहे. वेट वाइप्सची पाकिटं, रबरी चादर, चोच असलेला पेला, पावडर, चट्ट्यांवर लावायचं मलम, मऊ टॉवेल. बहुतेक सगळं रात्री दोन-अडीचच्या सुमारास, कारण ती त्यांची कूस बदलायची वेळ असायची. एकदा उठलं की उद्या काय संपणार आहे ते आठवायचं. मग एका हाताने त्यांच्या पाठीमागची उशी धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने फोनवर ऑर्डर टाकायची.

महिनाभरातच मला बाळाच्या वस्तूंच्या सूचना यायला लागल्या. तेव्हा तिकडे बघायला सवड नव्हती. पुढे वडील गेले, सूचना मात्र थांबल्या नाहीत. 'तुमचं बाळ आता रांगायला लागलं असेल.' दोन महिन्यांनी, 'आधार धरून उभं राहतंय का?' मी ते ज्या खोलीत वाचत होते, त्या खोलीतला भाड्याने आणलेला पलंग नुकताच परत गेला होता आणि फरशीवर त्याच्या पायांचे चार ठसे तेवढे राहिले होते.

म्हणून मी तुमच्याकडे माझी माहिती मागितली. आपल्याविषयी कंपनीकडे काय आहे ते मागता येतं, हे मी ऐकून होते. कधी मागावंसं वाटलं नव्हतं, इतकंच. आधी ओळखपत्राचा फोटो द्यावा लागला. मग ओळखपत्र हातात धरून काढलेला चेहऱ्याचा फोटो. नंतर जुना मोबाइल क्रमांक. २९ दिवसांनी एक दुवा आला, तीन दिवसांत उतरवून घ्या नाहीतर बंद होईल, अशा सूचनेसह. आत ३४ फाइली होत्या. बऱ्याचशा मला अपेक्षित होत्या त्याच : पत्ता, खरेदीची यादी, पैसे कसे भरले, कुठल्या दिवशी काय शोधलं. हे सगळं मीच तुम्हाला दिलेलं होतं, किंवा तुमच्या डोळ्यांदेखत केलेलं होतं.

एक फाइल वेगळी होती. तिचं नाव निव्वळ आकडे आणि अक्षरं. उघडली तर दोन रकाने, डावीकडे गुणधर्म, उजवीकडे त्याची नोंद. 'घरातील बालक : होय. खात्री : ०.८७. वय, महिने : १४.' त्याच्या खाली 'झोप : अनियमित'. त्याच्या खाली 'खरेदीचा स्वभाव : उतावीळ, रात्रीची वेळ'. आणखीही पुष्कळ ओळी होत्या, काही तर मला कळल्याच नाहीत. मी वाचत राहिले आणि परत परत त्या पहिल्या ओळीवर आले. खात्री ०.८७, म्हणजे सत्त्याऐंशी टक्के. कुणीतरी, किंवा कशानेतरी, माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांचा हिशेब मांडला होता आणि उत्तर एक बाळ काढलं होतं.

मी दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं ते असं : ही माहिती आपण पुरवलेली नाही, ती आमच्या प्रणालीने तयार केली आहे, त्यामुळे ती आपल्याकडून दुरुस्त करून घेता येत नाही. मी चॅटवर ग्राहकसेवेकडे गेले. पलीकडची व्यक्ती फार नीट वागली, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे. ठरावीक वाक्यं संपल्यावर तिने लिहिलं, 'मॅडम, माझ्या स्क्रीनवर तो रकानाच दिसत नाही. दिसला असता तर मी आत्ता बदलला असता.' म्हणजे जी माणसं रोज आमच्याशी बोलतात, त्यांनाही तुम्ही आमच्याविषयी काय लिहून ठेवलंय ते दिसत नाही.

हे पत्र मी त्या एका कंपनीला लिहीत नाही. तिचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की बाकीचे सगळे मोकळे होतील. माझं म्हणणं तुम्हा सगळ्यांना उद्देशून आहे, आणि ते एवढंच आहे : आमच्याविषयी तुम्ही बांधलेले अंदाज ही आमचीच माहिती आहे. ते बघायचा, खोडून काढायचा आणि पुसून टाकायचा आमचा हक्क तुम्ही मान्य करा.

तुमच्याकडे आमची तीन तऱ्हेची माहिती असते. एक आम्ही हाताने भरलेली. नाव, पत्ता, जन्मतारीख. ती तुम्ही मागितली की दाखवता, कारण ती आम्हाला आधीच ठाऊक असते. दुसरी तुम्ही टिपलेली. कुठे गेलो, काय बघितलं, कशावर किती वेळ थांबलो. ती दाखवताना तुम्ही आढेवेढे घेता, पण कायद्याचा धाक असला तर देता. तिसरी तुम्ही पहिल्या दोन्हींवरून काढलेली. हा माणूस कर्ज फेडेल की नाही, ही बाई गरोदर आहे का, याला भाव वाढवून सांगितला तर चालेल का, हिला नोकरीची जाहिरात दाखवावी का. ही तिसरी माहिती तुम्ही आपली मालमत्ता समजता. आणि आमच्या बाबतीतले खरे निर्णय होतात ते मात्र तिच्याचवर. माझ्या पत्त्यावरून माझं फारसं काही बिघडत नाही. माझ्याविषयी जे ठरवून टाकलं जातं, त्यावरून बिघडतं.

हा व्यवहार कसा चालतो, याची थोडीफार झलक जगाला मे २०१४ मध्ये दिसली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, नऊ माहिती-दलाल कंपन्यांचा, म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांचा, अभ्यास करून अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या एका कंपनीकडे अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक ग्राहकाविषयी ३,००० प्रकारचे तपशील होते. लोकांचे गट पाडून त्यांना नावं दिलेली होती. 'रूरल एव्हरलास्टिंग' हा एक गट : ६६ वर्षांपुढची एकटी माणसं, शिक्षण कमी, गाठीला पैसा कमी. 'अर्बन स्क्रॅम्बल' हा दुसरा, ज्यात तुटपुंज्या उत्पन्नाच्या लॅटिनो आणि कृष्णवर्णीय लोकांचं प्रमाण मोठं होतं. 'डायबेटिस इंटरेस्ट' नावाचाही गट होता. आपण कुठल्या गटात आहोत, हे त्या म्हाताऱ्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं की सांगितलं नव्हतं. या दलालांशी त्यांचा कधी थेट संबंधही आला नव्हता.

तुमचं पहिलं उत्तर मला माहीत आहे. अंदाज आमच्या बुद्धीतून निघाला, तर तो ग्राहकाचा कसा? हा युक्तिवाद न्यायालयापुढे येऊन गेला आहे, तोही अगदी साध्या प्रकरणात. आयर्लंडमध्ये लेखापालाची परीक्षा देणारा एक उमेदवार नापास झाला आणि त्याने आपली उत्तरपत्रिका मागितली. संस्थेने सांगितलं, उत्तरपत्रिका ही वैयक्तिक माहितीच नाही. प्रकरण थेट युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं. २० डिसेंबर २०१७ रोजी निकाल लागला : उमेदवाराने लिहिलेली उत्तरं तर त्याची वैयक्तिक माहिती आहेतच, पण परीक्षकाने समासात लिहिलेले शेरेही त्याच्याविषयीचीच माहिती आहेत. शेरा लिहिणारा हात परीक्षकाचा होता, शाई परीक्षकाची होती, विचारही त्याचाच होता. तरीही शेरा ज्याच्याविषयी आहे त्याचा त्यावर हक्क पोहोचतो. तुमची प्रणाली माझ्या आयुष्याच्या समासात शेरेच लिहीत बसली आहे. तिला वेगळा नियम का?

कॅलिफोर्नियात तर कायद्याच्या व्याख्येतच हे लिहिलेलं आहे. २०१८ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या तिथल्या ग्राहक गोपनीयता कायद्यात, ग्राहकाचं चित्र उभं करण्यासाठी काढलेले निष्कर्ष हेही वैयक्तिक माहितीत धरले आहेत. तरी कंपन्यांनी शंका काढल्याच, म्हणून मार्च २०२२ मध्ये तिथल्या महाधिवक्त्यांनी लेखी मत दिलं : कंपनीने स्वतः आतल्या आत तयार केलेले निष्कर्षसुद्धा ग्राहकाने मागितल्यावर दाखवावे लागतील.

तुमचं दुसरं उत्तर असतं व्यापारी गुपित. सूत्र उघड केलं तर स्पर्धक पळवतील. हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं खपून काहीतरी उभं केलं, त्यांना ते जपावंसं वाटणारच. पण मी तुमचं सूत्र मागतच नाही. सूत्राने माझ्याविषयी काय म्हटलं ते मागते, आणि कशाच्या आधारावर म्हटलं ते मागते. ऑस्ट्रियात एका महिलेला मोबाइल कंपनीने महिन्याला १० युरोचा करार नाकारला. दहा युरोसाठीसुद्धा तिची पत पुरेशी नाही, असं एका पतमापन कंपनीच्या यंत्राने ठरवलं होतं. कसं ठरवलं, हे तिने विचारलं आणि अडून बसली. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की तिला समजेल अशा भाषेत स्पष्टीकरण मिळालं पाहिजे. तिच्यासमोर नुसतं गणिती सूत्र टाकणं हे स्पष्टीकरण नव्हे. आणि गुपिताचा मुद्दा असेल तर कंपनीने परस्पर नकार न देता ती माहिती प्राधिकरणापुढे किंवा न्यायालयापुढे ठेवावी, म्हणजे दोन्हीकडच्या हक्कांचा तोल ते बघतील. हे मला शंभर टक्के पटतं. गुपित खरंच आहे का, हे ज्याचं गुपित त्यानेच ठरवायचं असेल, तर सगळंच गुपित ठरेल.

ऑस्ट्रियाचंच आणखी एक प्रकरण आहे. तिथल्या टपाल कंपनीने २०१७ पासून लोकांच्या राजकीय कलाचे अंदाज बांधायला सुरुवात केली होती. कुठे राहता, वय काय, अशा गोष्टींवरून अमुक माणसाला अमुक पक्ष जवळचा वाटत असणार, असं यंत्र ठरवायचं. एका माणसाला कळलं, की ज्या पक्षाशी आपला काडीचा संबंध नाही, त्या पक्षाकडे आपला मोठा कल असल्याची नोंद झाली आहे. तो न्यायालयात गेला. त्याची नोंद पुढे कुणाला विकलीही गेली नव्हती. तरी त्याने सांगितलं, की मला अपमान झाल्यासारखं वाटलं, मी उघडा पडलो. माझी फाइल उघडेपर्यंत त्याचं दुःख मला कदाचित कळलं नसतं. आता पुरतं कळतं. आपल्याविषयी कुणीतरी खोटं लिहून ठेवलंय आणि ते शांतपणे कुठल्यातरी कपाटात पडून आहे, ही भावना अंगाला चिकटून राहते.

तुम्ही म्हणाल, चूक झाली हे मान्य, पण आमचे अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतात. ते असतात, यात वादच नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ८६,००० हून अधिक स्वयंसेवकांच्या फेसबुकवरच्या लाइक तपासल्या होत्या. माणसाचा स्वभाव ओळखण्यात फक्त १० लाइकवरून संगणक सहकाऱ्यापेक्षा सरस ठरला, आणि साधारण ३०० लाइकवरून जोडीदाराच्या बरोबरीला आला. त्याआधी, २०१३ मध्ये, निव्वळ लाइकवरून राजकीय पक्ष आणि लैंगिक कल यांसारख्या गोष्टी ताडता येतात, हेही दाखवून झालं होतं. म्हणजे एखाद्याने घरात, मित्रांत, कुठेच न बोललेली गोष्ट तुम्हाला कळलेली असू शकते. अंदाज चुकला तर माझ्या घरात नसलेलं बाळ वाढतं. अंदाज बरोबर आला तर एखाद्याचं झाकलेलं उघडं पडतं. मला दुसरी गोष्ट जास्त भीतीची वाटते. ज्या माणसाने आपलं आजारपण घरच्यांपासून लपवलं आहे, त्याला निदान एवढं तरी कळू द्या, की तुम्हाला ते ठाऊक आहे.

'आम्ही नाव काढून टाकतो, उरते ती निनावी माहिती' हेही तुम्ही सांगता. लाटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० मध्येच दाखवलं होतं, की टपाल विभागाचा क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांची नेमकी ओळख पटू शकते. तीनच गोष्टी. तुमच्याकडे तीन हजार असतात.

राहिली संमती. 'मान्य आहे' या बटणावर आम्हीच बोट ठेवलं, हे तुमचं हक्काचं वाक्य. २००८ मध्ये दोन संशोधकांनी हिशेब केला, की एखाद्याने आपण भेट देतो त्या सगळ्या संकेतस्थळांची गोपनीयता धोरणं खरोखरच वाचायची ठरवली, तर वर्षाला सुमारे २४४ तास लागतील. तेव्हा स्मार्टफोन नुकते कुठे आले होते. आणि नकार द्यायचा तर? फ्रान्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. कारण एवढंच, की कुकी, म्हणजे आपला माग ठेवणाऱ्या छोट्या फाइली, स्वीकारायला एक टिचकी पुरत होती आणि नाकारायला अनेक. हे सगळं ठाऊक असूनही त्या बटणाला तुम्ही संमती म्हणणार असाल, तर त्यावर मला अधिक काही लिहायचं नाही.

कित्येकदा तर तेवढं बटणही नसतं. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पतमापन कंपनीची यंत्रणा फोडली गेली आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. त्यातले कितीतरी जण त्या कंपनीकडे आपण होऊन कधी गेलेच नव्हते. बँकांनी, दुकानांनी, कर्ज देणाऱ्यांनी त्यांची माहिती तिथे पोहोचवली होती. आपलं काय आहे आणि कुणाकडे आहे, हे चोरी झाल्यावर कळण्याआधी कळायला नको का? माहिती पुढे ज्यांना दिली, त्यांचे नुसते 'प्रकार' सांगून भागत नाही, प्रत्यक्ष नावं सांगितली पाहिजेत, असंही युरोपीय न्यायालयाने १२ जानेवारी २०२३ रोजी स्पष्ट केलं आहे. माझ्या फाइलीत 'भागीदार' असा शब्द होता. किती भागीदार, कोणते, काहीच नाही. म्हणजे माझ्या घरातलं ते बाळ आणखी किती दप्तरांत वाढतंय, याचा मला पत्ता नाही.

यातलं काहीच नवीन नाही, याचंच मला वाईट वाटतं. जर्मनीतल्या हेसन राज्याने जगातला पहिला माहिती-संरक्षण कायदा १९७० मध्ये केला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या समितीने पाच तत्त्वं मांडली. ज्याच्या अस्तित्वाचाच लोकांना पत्ता नाही असं माणसांच्या नोंदींचं दप्तर असता कामा नये, हे पहिलं. आपल्याविषयी काय नोंदलंय आणि त्याचा उपयोग कशासाठी होतोय हे माणसाला कळायची सोय हवी, हे दुसरं. आपली नोंद दुरुस्त करायची वाट हवी, हेही त्यांनी लिहून ठेवलं. तेव्हा संगणक खोलीभर जागा व्यापायचे आणि कुणाच्या घरात नव्हते. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांना हे सुचलं, त्यांच्यापेक्षा आज तुमच्याकडे साधनं कितीतरी जास्त आहेत.

पुसण्याविषयी थोडं लिहिते. २०११ मध्ये मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियाच्या विद्यार्थ्याने फेसबुककडे आपली माहिती मागितली. त्याला १,२०० हून अधिक पानं मिळाली, आणि त्यांत त्याने स्वतः काढून टाकलेले संदेशही होते. त्याने काढले होते, ते फक्त त्याच्या नजरेआड झाले होते. पुढे युरोपच्या जीडीपीआरने, म्हणजे २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण कायद्याने, पुसून घ्यायचा हक्क स्पष्ट लिहून दिला. पण या कायद्यालाही एक भोक राहिलं आहे. आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायचा जो हक्क त्यात आहे, तो ग्राहकाने 'पुरवलेल्या' माहितीपुरता आहे. अंदाज पुन्हा बाहेरच. मला माझे अंदाज दुसरीकडे न्यायचे नाहीत, पण या शब्दाचा आधार घेऊन माझा अर्ज फेटाळला जातो, म्हणून तो शब्द मला खुपतो.

आता मागणं.

माहिती मागितल्यावर जी फाइल देता, तिच्यात निष्कर्षांची फाइल सगळ्यात वर ठेवा, आणि ती माणसाला वाचता येईल अशा शब्दांत लिहा. प्रत्येक निष्कर्षासमोर तो कशावरून काढला ते एका ओळीत सांगा. 'अमुक वस्तूंची खरेदी, अमुक वेळ' एवढं पुरे. मी ते वाचलं असतं तर दोन मिनिटांत चूक सांगितली असती. आणि मला वाटतं, तुमच्या इंजिनीअरांनाही ते ऐकायला आवडलं असतं, कारण अशीच यादी मागवणारी, आजारी माणसाची सेवा करणारी असंख्य घरं असणार. त्या सगळ्या घरांत तुम्ही बाळं पाठवली आहेत.

तो निष्कर्ष खोटा आहे असं आम्ही म्हटलं, तर निदान तो वापरणं त्या क्षणी थांबवा. चौकशी मागाहून करा. दुरुस्ती झाली की ज्या ज्या भागीदाराला तो पाठवला असेल, त्यांनाही कळवा. आणि खरा असला तरी 'हा माझ्याविषयी बाळगू नका' असं सांगायची सोय ठेवा. कारण विचारू नका. गटांमधून बाहेर पडायचं बटण, आत येण्याच्या बटणाएवढंच मोठं आणि त्याच पानावर हवं.

ग्राहकसेवेत बसणाऱ्या माणसांना तो रकाना दिसू द्या आणि बदलायचा अधिकार द्या. माझ्याशी बोललेल्या त्या व्यक्तीला काय करायला हवं ते बरोबर कळलं होतं. तिच्या हातात काही नव्हतं.

अंदाजांना मुदत घाला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माणसाचं आयुष्य बदलतं. आजारी माणूस बरा होतो, किंवा जातो. कर्ज फिटतं, नोकरी लागते, घर सुटतं. तुमचे अंदाज मात्र एकदा बसले की बसले, आणि पुढे आपल्याच बळावर वाढत राहतात. माझ्या बाबतीत सात महिन्यांची खरेदी थांबली, तेव्हा तुमच्या यंत्राने स्वतःला विचारायला हवं होतं, की हे काय झालं. त्याने विचारलं नाही. एक महिना मिळवला आणि पुढे गेलं.

आणि मृत्यूनंतरचं काहीतरी ठरवा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, आपल्या पश्चात आपले हे हक्क कुणी वापरायचे ते नेमून ठेवायची तरतूद आहे. ही फार माणुसकीची तरतूद आहे आणि ती सगळीकडे असायला हवी. माझ्या वडिलांचंही एक खातं होतं. त्याच्यात तुम्ही त्यांच्याविषयी काय लिहून ठेवलंय, ते मला माहीत नाही आणि मागायची वाटही सापडलेली नाही. त्यांच्या वाढदिवसाला त्या खात्यावर शुभेच्छा येतात.

तुम्ही माहिती गोळाच करू नका, असं माझं म्हणणं नाही. त्या सात महिन्यांत रात्री मागवलेली वस्तू सकाळी दारात यायची, याचे माझ्यावर खरंच उपकार आहेत. मला वडिलांना सोडून बाहेर जाता येत नव्हतं. त्यासाठी माझा पत्ता, फोन, मागवलेल्या वस्तू तुम्हाला कळणं भागच होतं, आणि ते मी आनंदाने दिलं. त्यावरून माझं घर कसं आहे, घरात कोण आहे, मी रात्री का जागते, हे ठरवून मोकळं व्हायला मात्र मी सांगितलं नव्हतं.

या पत्राबरोबर मी त्या कंपनीकडे दुरुस्तीचा दुसरा अर्ज पाठवत आहे. मजकूर असा : 'घरातील बालक' या ओळीत 'होय' आहे, तिथे 'नाही' करावं. वयाची ओळ काढून टाकावी. 'खरेदीचा स्वभाव' या ओळीतला 'उतावीळ' हा शब्द काढावा, प्रत्येक वस्तू यादी करून मागवली होती. 'झोप : अनियमित' हे त्या काळापुरतं खरं आहे. ती नोंद ठेवायचीच असेल, तर तिच्यापुढे कारण लिहावं : वडील आजारी होते.

आपली नम्र,
एक ग्राहक